उपपत्ती आणि निरीक्षण : कुपवाड व जत येथील भाषासंपर्काच्या निमित्ताने

मराठी आणि कानडी यांच्या परस्परसंबंधांविषयी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे लेखन झाले, त्यात दोन पक्ष सहज वेगळे काढता येतात. एक पक्ष ग्रंथ, कोश आणि ध्वनिपरिवर्तनाचे नियम यांवरून अनुमान बांधतो. दुसरा पक्ष गावात जाऊन प्रत्यक्ष कानांनी ऐकलेल्या वाक्याखेरीज अन्य कशालाही पुरावा मानण्यास तयार नसतो. पहिल्याच्या दृष्टीने दुसरा केवळ वाक्ये वेचणारा. दुसऱ्याच्या दृष्टीने पहिला घरबसल्या शास्त्र रचणारा. विद्यापीठीय वर्तुळात हा वाद 'उपपत्ती विरुद्ध निरीक्षण' या नावाने इतका रूढ झाला आहे, की पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाचा विषय निवडण्यापूर्वी बाजू निवडून मोकळा होतो. वादाची ही मांडणी मुळातच फसवी आहे. सरहद्दीवरील भाषांच्या अभ्यासात जे उणे राहिले, ते निरीक्षण कमी पडल्यामुळे नव्हे, की उपपत्ती कमी पडल्यामुळेही नव्हे. दोन उपपत्तींची उत्तरे जेथे भिन्न येतात, नेमका तो प्रश्न वक्त्यासमोर ठेवला गेला नाही, हे खरे कारण आहे. या दृष्टीने सांगली जिल्ह्यातील दोन ठिकाणे एकत्र पाहण्यासारखी आहेत : मिरजेलगतचे कुपवाड, ज्याचा अभ्यास जगभर गाजला, आणि पूर्वेकडील जत, जेथे तो व्हावयास हवा.

आरंभीच्या अभ्यासकांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीला निरीक्षणाचा आद्य नमुना मानण्याची प्रथा आहे. परंतु या पाहणीत नमुने गोळा केले ते बहुतांशी जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी अधिकाऱ्यांनी. आणि मराठीचा सातवा खंड (१९०५) तसाच मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड (१९०६) सिद्ध करण्याचे काम स्टेन कोनो यांनी केले. ऐकणारा एक, लिहिणारा दुसरा आणि वर्गीकरण करणारा तिसरा, अशी ही श्रमविभागणी होती. शिवाय मुख्य नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. भाषांतर करावयास दिले की माणूस समोरच्या मजकुराला धरून चालतो. जतच्या माणसाची गत तर याहून चमत्कारिक झाली. सकाळी बाजारात मराठी आणि सायंकाळी घरात कानडी बोलणारा एकच मनुष्य या पाहणीत दोन खंडांत विभागला जातो, आणि दोहोंपैकी एकाही खंडात तो पुरता सापडत नाही. एका खंडात एक कुल, हे तत्त्व निरीक्षणातून आलेले नव्हते. ते निरीक्षणाच्या आधीच ठरलेले होते.

झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील प्रबंध (मराठी अनुवाद वा. गो. परांजपे, १९४१) हा अनुमानपद्धतीचा मराठीतील सर्वांत शिस्तबद्ध आविष्कार होय. प्राकृतापासून आधुनिक मराठीपर्यंतची अखंड वाट नियमांनी बांधून काढणे हे त्याचे उद्दिष्ट. शेजारच्या भाषेला त्या वाटेवर फारसे स्थान नाही. राजवाड्यांनी कागद, पोथ्या व शिलालेख यांच्या शोधार्थ जितकी पायपीट केली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी केली असेल. तरी व्युत्पत्तीच्या प्रांतात त्यांची बुद्धी संस्कृताच्या दिशेने जी धाव घेई, ती पुराव्याची वाट पाहत थांबत नसे. विरुद्ध टोकाला शं. बा. जोशी यांच्यासारखे विद्वान महाराष्ट्राच्या भूमीवर कानडीचा अधःस्तर शोधीत होते. निष्कर्ष परस्परविरोधी असले, तरी दोन्ही पक्षांची सामग्री एकाच जातीची होती : स्थलनामे, जुने शब्द आणि पोथ्यांतील रूपे. जिवंत वक्ता दोघांनाही नको होता.

तो वक्ता १९७१ साली अवतरला. १९६८ मध्ये जमैकातील मोना येथे मिश्रभाषांविषयी जी परिषद भरली, तिच्यातून डेल हाइम्स यांनी संपादिलेला ग्रंथ निघाला. या ग्रंथात मराठीशी संबंधित दोन लेख आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या पूर्वेतिहासात मिश्रभाषेची अवस्था होऊन गेली असावी, असे आजच्या रूपांवरून मागे जात अनुमानिले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मात्र एका गावाचे वर्णन केले. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावाचे नाव त्यांनी 'कुपवार' असे लिहिले आहे; ते मिरजेजवळचे कुपवाड. जैन व लिंगायत यांची कानडी, मुसलमानांची उर्दू, दलित व भूमिहीन मजूर यांची मराठी आणि दोर वळणाऱ्यांची तेलुगू, अशा चार भाषा तेथे शतकानुशतके शेजारी नांदत होत्या. लेखकांचे प्रतिपादन असे की, या गावच्या मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्यरचना इतकी एकरूप झाली आहे, की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत रूपांतर प्रत्यय व शब्द जागच्या जागी बदलून करता येते. शब्द निराळे, रचना एक.

या लेखाचे मोल वादातीत आहे. कुपवाडच्या कानडीत 'हे माझे घर आहे' या धर्तीच्या वाक्यात 'असणे' क्रियापद येते. इतरत्रच्या कानडीत 'इदु नन्न मने' एवढ्यावर वाक्य पुरे होते. उर्दूने श्रोत्यासह 'आपण' आणि श्रोत्यावाचून 'आम्ही' हा मराठीतील भेद आत्मसात केला आहे. असे तपशील गावात गेल्याखेरीज हाती लागत नाहीत. अधःस्तराची जी चर्चा तोपर्यंत हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या अंधारात चालली होती, ती या लेखाने दिवसाउजेडी आणली.

तथापि लेखाचा पुढचा इतिहास मासलेवाईक आहे. कुपवाड हे निरीक्षणपक्षाचे तीर्थक्षेत्र झाले. जगातील भाषासंपर्कविषयक पाठ्यपुस्तकांत त्याला स्थान मिळाले आणि 'चार भाषा, एक व्याकरण' हे सूत्र स्वयंसिद्ध असल्यासारखे उद्धृत होऊ लागले. मूळ लेखकांनी आपले विधान भाषा पालटत बोलण्याच्या प्रसंगी वापरल्या जाणाऱ्या गावरूपांपुरते मर्यादित ठेवले होते. उद्धृत करणाऱ्यांनी ती मर्यादा गाळली. थॉमसन व कॉफमन यांनी १९८८ मध्ये या सामग्रीची जी फेरतपासणी केली, तिच्याकडे लक्ष दिले असते तरी हे सूत्र इतके सरसकट झाले नसते. लेखातील बदलांची नुसती मोजदाद केली, तरी दिसते की सर्वाधिक बदल उर्दूत झाले आहेत आणि सर्वांत कमी मराठीत. तिन्ही भाषा मध्यावर येऊन भेटल्या, हे चित्र त्यामुळे टिकत नाही. एकाने दोन पावले पुढे यावे आणि दुसऱ्याने दहा, याला मध्यावरची भेट म्हणत नाहीत.

अधिक मूलगामी आक्षेप पद्धतीचा आहे. ज्या काळी चॉम्स्की यांनी एकजिनसी भाषासमाजातील आदर्श वक्ता कल्पून व्याकरण रचावे असे प्रतिपादिले (१९६५), त्याच काळी गंपर्झ हे त्या कल्पनेच्या विरोधी छावणीतील अग्रणी होते. परंतु कुपवाडच्या लेखात अखेर हाती काय पडते? साऱ्या गावाचे मिळून एक व्याकरण; म्हणजे साऱ्या गावाचा मिळून एक आदर्श वक्ता. ज्याला दाराबाहेर घालवले, तो खिडकीतून आत आला. लेखात म्हटले आहे की गावातील जवळजवळ सर्व पुरुष बहुभाषी आहेत. विधान पुरुषांविषयी आहे. आता या भाषा इतक्या जवळ येऊनही एक का झाल्या नाहीत, याचे लेखकांनी दिलेले कारण असे की, घरातील व्यवहार जातीजातीचा स्वतंत्र राहिला आणि घराने आपापली भाषा जपली. कारण पटण्यासारखे आहे. मग घरात दिवसभर बोलणारी आणि मुलांना भाषा देणारी स्त्री या पुराव्यात अग्रस्थानी असावयास हवी होती. उपपत्तीचा भार ज्या खांबावर, तेथेच निरीक्षणाचा दिवा सर्वांत मंद आहे.

लेखातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरणाकडेही या नजरेने पाहावे. पाला कापून घेऊन आल्याचे एक छोटे वाक्य तेथे तीन भाषांत एकाखाली एक दिले आहे आणि खरोखरच ते शब्दाला शब्द जुळते. परंतु मराठीत या वाक्याचा शेवट 'आलो' या अकर्मक क्रियापदाने होतो. 'घेऊन आलो' याऐवजी 'आणला' म्हटले असते, तर क्रियापद पाल्यामागे गेले असते. आणि मराठी व कानडी यांच्या व्याकरणांतील सर्वांत रुंद दरी तत्काळ उघडी पडली असती. लेखकांनी हे बुद्ध्या केले, असे सुचविण्याचे कारण नाही. वाक्य खरे असेल, बोललेले असेल, नेहमीचेही असेल. मात्र ज्या वाक्यात वादाचा प्रश्न उद्भवतच नाही, ते वाक्य वादाचा निकाल देऊ शकत नाही.

निरीक्षणाने सगळे मिटेल, या श्रद्धेचा असाच भंग महाराष्ट्राने पूर्वी एकदा आकाशाच्या बाबतीत अनुभवला आहे. ग्रहलाघवावरून मांडलेल्या पंचांगातील ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळत नाहीत, हे केरो लक्ष्मण छत्रे प्रभृतींनी दाखविले आणि पंचांग दृक्प्रत्ययी असावे हा पक्ष प्रबळ झाला. पण दृक्प्रत्यय मान्य करणाऱ्यांतच पुढे फूट पडली. टिळक पंचांगाच्या पक्षाने राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरला. व्यंकटेश बापूजी केतकरांच्या पक्षाने तो चित्रेवरून ठरविला. दुर्बिणीतून दोघांनाही ग्रह त्याच जागी दिसत होते. आरंभबिंदू मात्र आकाशात कोठेही लिहिलेला नसतो. तो ठरवावा लागतो, आणि कितीही रात्री जागून तो दिसत नाही. भाषेच्या निरीक्षकाचेही असेच आहे. दोन भाषा 'सारख्या' झाल्या म्हणजे काय झाले, हे त्याने आधी ठरविलेले असते आणि मग ते त्याला गावात दिसते.

हे अमूर्त वाटू नये म्हणून एकच व्याकरणिक प्रश्न सविस्तर घेणे इष्ट होईल. प्रमाण मराठीत 'मी काम केले', 'मी भाकरी खाल्ली' असा कर्मणि प्रयोग होतो. कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यातील बोलींत 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' अशी रूपे ऐकू येतात. क्रियापद कर्माला सोडून कर्त्यामागे जाते. कानडीत भूतकाळी क्रियापद नेहमी कर्त्यानुसारच चालते : 'नानु केलस माडिदे', 'अवळु केलस माडिदळु'. तेव्हा 'केलो' हा कानडीचा परिणाम, असे म्हणण्याचा मोह पडतो. बहुतेक अभ्यासक येथेच थांबतात आणि निरीक्षणाने सिद्ध झाले म्हणून मोकळे होतात.

पण मराठीचा अंतर्गत इतिहास जाणणारा याला दुसरे उत्तर देईल, आणि ते तितकेच सबळ आहे. जुन्या मराठीत 'म्यां', 'त्वां' ही तृतीयेची स्वतंत्र रूपे होती. आज तृतीयेतही 'मी', 'तू' हीच रूपे येतात. म्हणजे प्रथम व द्वितीय पुरुषांत कर्त्यावरील खूण केव्हाच पुसली गेली आहे, आणि 'मी' दिसला की क्रियापदाने 'मी'मागे जावे हा ओढा भाषेच्या पोटातच उत्पन्न झाला आहे. 'तू कविता केलीस' या प्रयोगात 'केली' कवितेमागे आणि 'स' तुझ्यामागे, अशी दुहेरी निष्ठा प्रमाण भाषेतही चालते. जुन्या व्याकरणकारांनी तिला कर्तृकर्मसंकर हे समर्पक नाव दिले. त्याखेरीज 'ती साडी नेसली', 'तो धडा शिकला', 'मी पत्ता विसरलो', 'मी पाणी प्यालो' ही सकर्मक असूनही कर्त्यामागे जाणारी क्रियापदे आहेत. मोरो केशव दामल्यांच्या व्याकरणाचा (१९११) अभ्यासक या गटाला चांगलाच ओळखतो. 'प्यालो' चालते, तर 'खाल्लो' का चालू नये? कानडीचा वारा न लागताही मराठी या वाटेने जाऊ शकते.

दोन उपपत्ती, एकच रूप. 'केलो' हजार वेळा ऐकला, ध्वनिमुद्रित केला, त्याचे आलेख काढले, तरी कोणती उपपत्ती खरी हे कळणार नाही. ते कळावयाचे असेल, तर दोहोंच्या पोटातून निघणारी भाकिते जेथे फुटतात तेथे कान लावावा लागेल. बदल अंतर्गत असेल, तर तो 'मी' आणि 'तू' यांच्यापाशी सुरू होऊन तेथेच दीर्घकाळ रेंगाळला पाहिजे. 'त्याने काम केले' यास धक्का लागण्याचे कारण नाही, कारण 'त्याने'मधील 'ने' शाबूत आहे. बदल कानडीमुळे असेल, तर कानडीला पुरुषभेदाचे सोयरसुतक नाही; तेथे 'तो काम केला', 'ती काम केली' हेही त्याच सहजतेने यावयास हवे. अंतर्गत बदल प्रथम 'नेसणे-शिकणे' या गटाच्या सख्ख्या शेजाऱ्यांत, म्हणजे खाणे, बघणे, ऐकणे यांत शिरेल. 'फोडणे', 'मारणे' यांच्यापर्यंत पोहोचावयास त्याला वेळ लागेल. संपर्कजन्य बदलाला अशी पायरी नसावी. तिसरे असे की, ज्याच्या घरची भाषा कानडी आहे अशा वक्त्याने मराठी बोलताना 'केलो' म्हणणे आणि ज्याच्या सात पिढ्या मराठी आहेत त्याने ते म्हणणे या दोन निराळ्या घटना आहेत. पहिली शिकणाऱ्याची, दुसरी बोलीची. त्या एकाच रकान्यात मोजल्या की पुढचे सारे गणित बिघडते.

कुपवाडच्या लेखातील लिंगविषयक विधानाचीही अशीच उलटतपासणी करता येते. गावच्या मराठीत मनुष्येतर नामे कानडीप्रमाणे नपुंसकलिंगाकडे कलतात, असे तेथे म्हटले आहे. मराठीत नामाचे लिंग मुख्यतः विशेषणात आणि क्रियापदात उमटते. तेव्हा हे विधान खरे असेल, तर जो अद्याप कर्मणि प्रयोग करतो त्याच्या तोंडी 'भाकरी खाल्ली' न येता 'भाकरी खाल्लं' यावयास हवे. आणि जो 'खाल्लो' म्हणतो त्याच्या बाबतीत या वाक्यावरून लिंगाविषयी काहीच सिद्ध होणार नाही. दोन बदल एकमेकांना झाकतात. निव्वळ कान ठेवून हे उमगत नाही. व्याकरण आधी डोक्यात असावे लागते.

ग्रियर्सन यांच्या नमुन्यात या प्रश्नाला जागा होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कथेतील मुलगा बापापुढे आपल्या पापाची कबुली देतो. तेथे प्रथमपुरुषी कर्ता, सकर्मक क्रियापद आणि भूतकाळ हे तिन्ही एकत्र येतात. परंतु धर्मग्रंथातील कबुलीचे वाक्य सरकारी कागदावर लिहून देताना कोणता कारकून 'केलो' लिहील? उलट आज थेट विचारले, 'तुम्ही असे म्हणता का?', तर शाळेत गेलेला वक्ता नकार देतो, कारण ते 'अशुद्ध' असल्याचे त्याच्या मनावर बिंबलेले असते. आणि पुढच्याच वाक्यात तेच रूप वापरतो. निरीक्षकाच्या उपस्थितीने निरीक्षणीय वस्तू बदलते, ही लाबोव्ह यांनी मांडलेली अडचण सरहद्दीवर दुप्पट होते. येथे पाहुण्याने तोंड उघडले, की त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हाच पहिला निर्णय असतो.

चालू क्रिया दाखविणाऱ्या रूपांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. तेथे उपपत्तीपेक्षा नकाशा अधिक बोलतो. दक्षिणेकडील बोलींत 'करायला लागलोय' हे रूप आखडत जाऊन त्याचा अर्थ 'करावयास आरंभ केला' असा न राहता 'करतो आहे' असा झाला आहे. उत्तर कर्नाटकाच्या कानडीत 'माडाक हत्तीनि' याचा घाट हुबेहूब तसाच आहे. 'हत्तु' म्हणजे चिकटणे, लागणे. आरंभवाचक क्रियापदातून चालू क्रियेचा अर्थ निघणे जगातील भाषांत नवलाचे नाही, म्हणून अंतर्गत विकासाचा पक्ष येथेही उभा राहू शकेल. पण विदर्भात दृष्टी टाकावी. वऱ्हाडीत त्याच अर्थी 'करून राहिलो' येते, आणि त्याच्या पलीकडे हिंदीचे 'कर रहा हूँ' उभे आहे. एकाच भाषेच्या दोन कडा एकाच अर्थासाठी दोन भिन्न क्रियापदे निवडतात आणि प्रत्येक कड आपापल्या शेजाऱ्याचे क्रियापद निवडते, हा योगायोग मानावयास फार मोठी श्रद्धा लागेल. येथे ज्याला 'नुसते वर्णन' म्हणून हिणवले जाते, ते भौगोलिक वर्णनच निर्णायक ठरते. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठीच्या बोलींची जी वर्णने सिद्ध केली आणि अलीकडे डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने जी बोलींची पाहणी हाती घेतली, तिचे महत्त्व या ठिकाणी आहे. वर्णन कोठे पुरेसे आणि कोठे अपुरे, हे प्रश्नागणिक ठरते, पक्षागणिक नव्हे.

कुपवाडचा पुनर्विचारही डेक्कन कॉलेजातूनच झाला. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांच्या अंतराने त्या गावचा नव्याने अभ्यास केला आणि परस्पर-रूपांतराच्या सूत्राची चिकित्सा केली. दरम्यान गाव बदलले होते. भाषावार राज्यरचना झाली, शाळा मराठी झाली, कारखाने आले. १९९८ साली कुपवाड सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेत सामील झाले. यातून निरीक्षणपद्धतीची एक मर्मस्थानीची मर्यादा समोर येते. भौतिकशास्त्रातील प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. गाव पुन्हा करून पाहता येत नाही. १९७१ चे निष्कर्ष आज आढळले नाहीत, तर ते तेव्हा चुकले होते की त्यानंतर भाषा बदलली, हे केवळ नव्या निरीक्षणाने ठरत नाही. जुन्या सामग्रीची अंतर्गत सुसंगती तपासूनच त्याविषयी काही म्हणता येते, आणि ते काम तर्काचे आहे.

आता जत. डफळे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. तालुका १९४९ मध्ये निघालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्यालाच सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेकडून पूर्वेकडे, डफळापुराकडून संख-उमदीकडे जावे तसतसा कानडीचा वाटा वाढत जातो. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही भाषांचे भाविक येतात. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांच्या परंपरेत कानडी मुलखातील साधक दासबोध वाचीत आले, आणि त्याच परंपरेतील गुरुदेव रानडे यांनी मराठी व कानडी अशा दोन्ही संतवाङ्मयांवर ग्रंथ लिहिले. कुपवाड हे एक बिंदुमात्र गाव होते. जत हा उतार आहे. एका टोकाला मराठी घरे बहुसंख्य, दुसऱ्या टोकाला कानडी, आणि मध्ये राज्याची सीमा नाही, डोंगर नाही, की नदीचा अडसर नाही. वर सांगितलेली भाकिते जेथे एकाच तालुक्यात गावागणिक तपासता येतील, असे दुसरे ठिकाण मराठीच्या दक्षिण कडेवर सहज सुचत नाही. 'तो काम केला' हे रूप पूर्वेकडे जाताना वाढत जाते, की एका ठरावीक रेषेवर एकदम सुरू होते, की घराच्या भाषेप्रमाणे एकाच गल्लीत विखुरलेले आढळते, या तीन शक्यतांचे अर्थ तीन आहेत.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात जत तालुक्यातील काही गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे जावीत, असे सुचविले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांचा विषय पुन्हा उपस्थित केला आणि दोन्ही राज्यांत खळबळ उडाली. वस्तुतः त्या गावांतून पूर्वी उठलेल्या मागणीच्या मुळाशी भाषा नव्हती. दुष्काळ होता आणि म्हैसाळ योजनेचे न पोहोचलेले पाणी होते. असे वाद पेटले की दोन्ही बाजू भाषाशास्त्राकडे धाव घेतात. एक बाजू अधःस्तराची उपपत्ती घेऊन येते आणि ही भूमी मुळात कोणाची ते सांगते; दुसरी जनगणनेचे आकडे घेऊन येते आणि ती आज कोणाची ते सांगते. पहिल्या बाजूचा पुरावा हजार वर्षांपूर्वीचा, म्हणून तपासता न येणारा. दुसऱ्या बाजूचा पुरावा आजचा, पण मातृभाषेच्या एका रकान्यात माणूस बसविणारा. जनगणना आणखी दोन अवगत भाषांची नोंद घेते खरी. मात्र सीमेच्या वादात ते रकाने कोणी उघडून पाहत नाही. ग्रियर्सनचे दोन खंड आणि जनगणनेचा एक रकाना यांत तत्त्वतः भेद नाही. 'केलो' म्हणणारा मराठी माणूस अर्धा कानडी ठरत नाही, की 'असणे' क्रियापद वापरणारा कानडी माणूस मराठीत जमा होत नाही. ज्या शास्त्राने हे आधी स्पष्ट करावयाचे, त्याच्या अभ्यासकांनी आपसांत पद्धतीचे सवतेसुभे उभारले, म्हणून शास्त्राच्या नावाने कोणीही काहीही म्हणू शकतो.

जतमध्ये काम करावयाचे तर वाक्यांची यादी आधी तयार हवी, आणि ती भाषांतरासाठी देण्याची यादी नव्हे. फुटलेली घागर, उतू गेलेले दूध, हरवलेली शेळी असे काही दाखवून वा विचारून वक्त्याच्या तोंडून 'फोडला' की 'फोडली', 'तो' की 'त्याने' हे आपसूक निघाले पाहिजे. अथणी-इंडीकडून लग्न होऊन आलेल्या स्त्रिया, त्यांच्या सासवा आणि त्यांची मुले यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतील. मराठी माध्यमाच्या शाळेत गेलेल्यांना कानडी माध्यमाच्या शाळेत गेलेल्यांपासून वेगळे मोजावे लागेल. आणि सर्वांत आधी गाठावे लागेल ते, संस्थान विलीन होण्यापूर्वी ज्यांची भाषा घडली, अशा माणसांना. ती आज ऐंशीच्या पुढची आहेत.